नौदलाच्या धावपट्टीवर उतरताना: अंदमानला पहिल्यांदा विमानानं जाणाऱ्यांसाठी

पोर्ट ब्लेअरचं तिकीट काढण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमचं विमान जिथं टेकणार आहे ती धावपट्टी भारतीय नौदलाची आहे. त्या तळाचं नाव आयएनएस उत्क्रोश. उत्क्रोश म्हणजे समुद्री गरुड. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची जी शिंपल्याच्या आकाराची देखणी इमारत आपण फोटोंत बघतो, ती या तळाच्या कडेला नागरी प्रवाशांसाठी राखलेल्या जागेत उभी आहे. इमारत चालवतं भारतीय विमानतळ प्राधिकरण, दारावर आणि तपासणीला असतात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान, आणि विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारा मनोरा नौदलाच्या हातात.

पुणेकरांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. लोहगावची धावपट्टी वायुदलाची, गोव्याचं दाबोळी म्हणजे नौदलाचं आयएनएस हंसा. पण पुण्याचं विमान रद्द झालं तर रेल्वे आहे, शिवनेरी आहे, शेवटी भाड्याची गाडी आहे. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई साधारण १,३७० किलोमीटर समुद्रापलीकडे आहे. जहाजानं जायचं तर अडीच-तीन दिवस लागतात आणि जहाज रोज सुटत नाही. म्हणून इथल्या प्रवासाची आखणी करताना जो मोकळा वेळ ठेवायला मी सांगणार आहे, तो कृपा करून चैन समजू नका.

माझ्या नोकरीची चार वर्षं या बेटांवर गेली. त्या काळात सांगलीपासून नागपूरपर्यंतचे नातेवाईक, शेजारी, मैत्रिणींचे सासू-सासरे असे कितीतरी जण मी विमानतळावर उतरवून घेतले आणि पोहोचवले. कोण कुठं अडकतं ते बघून बघून जे ध्यानात आलं, ते क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: नावांचा गोंधळ आधी मिटवा

सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचं नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा झाली. त्यामुळे कुठं जुनं नाव दिसेल, कुठं नवं. घाबरू नका, गाव एकच आहे. तिकिटावर विमानतळाची तीन अक्षरी खूण बघा: आयएक्सझेड. ती असली की तिकीट बरोबर. डिसेंबर २०१८ मध्ये तीन बेटांचीही नावं बदलली. हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीच्या तिकिटावर एक नाव आणि हॉटेलच्या पावतीवर दुसरं, असं सर्रास होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे धक्क्यावर त्यांची धांदल उडत नाही.

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप इथं जायला वेगळा परवाना लागत नाही. निकोबारची बेटं आणि आदिवासींसाठी राखीव असलेले भाग यांची गोष्ट वेगळी, तिथं प्रशासनाचा पास हवाच आणि पर्यटनासाठी तो मिळेल असं धरून चालू नका. बरोबर परदेशी पासपोर्ट असलेलं कोणी असेल, अगदी आपला अमेरिकेतला भाचा असला तरी, त्याच्यासाठीचे नियम तिकीट काढायच्या आधी तपासा.

दुसरी पायरी: तिकीट काढताना वारा बघा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक मनस्ताप याच टप्प्यावर टळतो किंवा ओढवून घेतला जातो.

पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सुमारे ३,२९० मीटर लांब आहे, म्हणजे लांबीला काही कमी नाही. अडचण आहे टेकडीची. धावपट्टीच्या ईशान्येकडच्या टोकाला उंचवटा आणि वस्ती आहे. त्यामुळे विमानं प्रामुख्यानं नैऋत्येकडून, समुद्रावरून येऊन उतरतात आणि उडताना पुन्हा नैऋत्येलाच तोंड करून समुद्रावर निघून जातात. आत यायचा आणि बाहेर पडायचा दरवाजा जवळजवळ एकच.

विमानाला उतरताना समोरून वारा हवा असतो. पाठीमागून वारा असेल तर टेकतानाचा वेग वाढतो, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि धावपट्टी ओली असेल तर आणखीच. आता पावसाळ्यात अंदमानात वारा कुठून वाहतो? नैऋत्येकडूनच. म्हणजे विमान ज्या दिशेनं येतं, त्याच दिशेनं वारा त्याच्या पाठीत. एका मर्यादेपलीकडे वैमानिक उतरत नाही आणि त्यानं उतरूही नये. पुणे-मुंबईत असं झालं तर विमान जवळच्या दुसऱ्या विमानतळावर नेता येतं. इथं तेवढ्या मोठ्या प्रवासी विमानाला सोयीचा दुसरा नागरी विमानतळ जवळपास नाही. म्हणून पोर्ट ब्लेअरकडे येणारी विमानं परतीचं इंधन पोटात घेऊनच निघतात, वर घिरट्या घालून वाट बघतात, आणि जमलं नाही तर चेन्नई किंवा कोलकात्याला परत जातात. सव्वादोन तास जाणं, तेवढंच येणं, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच मुख्य भूमीवरच्या विमानतळाच्या खुर्चीत. माझ्या आत्याच्या वाट्याला हे आलं होतं. खिडकीतून तिला बेट दिसलंही होतं.

नैऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी पोहोचतो तो अंदमानात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या तेव्हाही चालू असतात आणि मेच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं स्वस्त दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं मेची वीस तारीख उलटायच्या आत परत यावं, किंवा सरळ डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ निवडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा सुंदर असते, पण बंगालच्या उपसागरात वादळं तयार होण्याचाही तोच हंगाम आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. अंदमान आपल्या घड्याळानं चालतं, सूर्य मात्र त्याचं ऐकत नाही. बेटं इतकी पूर्वेला आहेत की पाचच्या सुमारास उजाडतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच दिवेलागण होते. वर्षानुवर्षं इथली नागरी विमानं दिवसाउजेडी, आणि त्यातही पहाटेपासून दुपारपर्यंतच येत-जात आली आहेत. नौदलालाही आपल्या सरावासाठी धावपट्टी मोकळी लागते. म्हणून शक्य तितकं सकाळचं विमान घ्या. सकाळचं विमान उशिरा झालं तरी त्याच दिवशी जाण्याची आशा उरते.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यांत महाग पडते: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथून निघणारे बहुतेक जण चेन्नई, कोलकाता, बंगळूरु किंवा हैदराबादमार्गे जातात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळ्या तिकिटांत हजार-दीड हजार वाचतात खरे, पण पोर्ट ब्लेअरहून निघणारं विमान चार तास रखडलं आणि चेन्नईहून पुण्याचं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. एकाच पीएनआरवर असाल तर पुढं पोहोचवणं ही त्यांची जबाबदारी ठरते.

धावपट्टी लष्करी असल्यामुळे आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे ठरवून केलेली बंदी. नोव्हेंबर २०२२ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी इथली विमानं काही दिवस थांबवली होती. मे २०२५ मध्ये २३ आणि २४ तारखेला क्षेपणास्त्र चाचणीसाठी अंदमानवरचं आकाश सकाळी काही तास नागरी विमानांना बंद होतं. अशा सूचनेला विमान वाहतुकीत नोटम म्हणतात. सामान्य प्रवाशानं ती वाचत बसायची गरज नाही. तिकीट काढताना स्वतःचा चालू मोबाइल नंबर द्या, एजंटचा नव्हे, एवढं पुरेसं आहे. वेळ बदलल्याचा निरोप एजंटच्या फोनवर येऊन तिथंच पडून राहिला आणि प्रवासी विमानतळावर येऊन उभा, हे मी दोनदा पाहिलं.

तिसरी पायरी: बॅग भरताना

वर सांगितलं की विमानं जास्तीचं इंधन घेऊन निघतात. त्याचा भार कुठंतरी कमी करावा लागतोच, त्यामुळे वाऱ्या-पावसाच्या दिवसांत सामान मागं राहण्याचा प्रकारही घडतो. बहुतेक तिकिटांवर १५ किलो मोठ्या बॅगेत आणि ७ किलो हातात, अशी मर्यादा असते. हातातल्या बॅगेत एका दिवसाचे कपडे, सगळी औषधं, चष्मा, ओळखपत्रं आणि बोटीच्या तिकिटांच्या छापील प्रती ठेवा. पॉवर बँक हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

ड्रोन नेऊ नका. लेखी परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि नौदलाच्या तळाशेजारी तर त्याचा विचारही नको. सॅटेलाइट फोन नेऊ नका. दुर्बीण चालते, पण ती विमानतळाच्या परिसरात बाहेर काढू नका.

थोडी रोख रक्कम ठेवा. २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून केबल आल्यावर शहरातलं इंटरनेट खूप सुधारलं, तरी लहान बेटांवर फोनवरून पैसे देताना कधीकधी गोल चक्र फिरतच राहतं.

चौथी पायरी: विमानात, आणि फोटोंबद्दल

संरक्षण दलाच्या धावपट्टीवर आणि तिच्या भोवती फोटो काढायला बंदी आहे. हवेतून उतरतानाही. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या लष्करी विमानतळांसाठी, उडताना आणि उतरताना खिडक्यांच्या झडपा बंद ठेवायचा आदेश काढला होता आणि फोटोबंदीची पुन्हा आठवण करून दिली होती. झडपांबाबतच्या सूचना काळानुसार बदलतात. तुमच्या फेरीला हवाई सुंदरी जे सांगेल ते करा. झडप उघडी असली तरी कॅमेरा मात्र खाली.

हे जड जातं, मला माहीत आहे. उतरण्याआधीची दहा मिनिटं या प्रवासातली सर्वांत सुंदर असतात. निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पांढरा होत जाणारा समुद्र, खारफुटीचं जंगल, लाल कौलांची घरं. विमान बरंच उंच आणि समुद्रावर आहे तोवर काय ते बघून घ्या. माझ्या एका भावोजींनी उतरल्यावर जिन्याखाली उभं राहून बाजूच्या करड्या डॉर्निअर विमानाचा फोटो घेतला. एका जवानानं शांतपणे फोन मागितला, फोटो काढून टाकायला लावला, हटवलेल्या फोटोंचा कप्पाही रिकामा करायला लावला आणि नाव-पत्ता लिहून घेतला. आवाज चढला नाही, पण अर्धा तास गेला आणि बोट चुकता चुकता राहिली. इमारतीच्या आत, तपासणीची जागा सोडून, कुटुंबाचा फोटो काढलात तर सहसा कोणी हरकत घेत नाही.

ही दक्षता का, हे मुलांना सांगायला हरकत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेलं अंदमान-निकोबार कमांड हे देशातलं पहिलं असं कमांड, जिथं भूदल, नौदल आणि वायुदल एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजं याच बेटांजवळून जातात. उत्तरेला दिगलीपूरजवळ आयएनएस कोहासा, मध्ये उत्क्रोश, खाली कार निकोबारला वायुदलाचा तळ आणि अगदी दक्षिणेला कॅम्पबेल बे इथं आयएनएस बाझ, अशी ही धावपट्ट्यांची माळ आहे.

पाचवी पायरी: उतरल्यावर

नव्या टर्मिनलचं उद्घाटन १८ जुलै २०२३ रोजी झालं. सुमारे ४०,८०० चौरस मीटरची ही इमारत वर्षाला ५० लाख प्रवाशांसाठी बांधली आहे. छपरातून भरपूर उजेड आत येतो. जुन्या टर्मिनलमध्ये बॅगांच्या पट्ट्याभोवती खांद्याला खांदा लागायचा, त्या मानानं आता फारच ऐसपैस आहे. सामानासाठी चार पट्टे आहेत, आपला क्रमांक पडद्यावर बघून घ्या.

बाहेर पडण्याआधी मिनिटभर थांबायला मी प्रत्येकाला सांगते. जिथं तुम्ही उभे आहात तो भाग लंबा लाइन म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी ही बेटं घेतली आणि इथल्या माणसांना वेठीला धरून धावपट्टी बांधून घेतली. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी सुभाषचंद्र बोस विमानानं पोर्ट ब्लेअरला आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी इथं तिरंगा फडकवला. आणि ज्यांचं नाव २००२ पासून या विमानतळाला आहे ते सावरकर ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ नावाच्या जहाजातून, बेड्या घालून आणले गेले. आपण सव्वादोन तासांत येतो.

बाहेर टॅक्सी आणि रिक्षा दोन्ही असतात. शहराचा मध्य, म्हणजे अ‍ॅबरडीन बाजार, तीन-चार किलोमीटरवर आहे. भाडं बसायच्या आधी ठरवा. हॉटेलची गाडी येणार असेल तर चालकाचा नंबर विमानात बसण्यापूर्वीच लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्येच राहा. सकाळी उतरलात तर जेवून, थोडं आडवं होऊन दुपारी सेल्युलर जेलला जा आणि संध्याकाळी तिथलाच ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम बघा. मराठी माणसानं तिथल्या सावरकरांच्या कोठडीसमोर घाईनं उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. उतरल्या उतरल्या हॅवलॉकची बोट गाठण्याच्या धांदलीत जेल शेवटच्या दिवसावर ढकललं जातं, आणि शेवटच्या दिवशी काहीतरी राहूनच जातं.

सहावी पायरी: विमान आणि बोट यांची सांगड

सरकारी बोटी फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सुटतात, खासगी बोटी बहुधा हॅडोवरून. तिकिटावर धक्क्याचं नाव वाचा आणि चालकाला ते नाव सांगा. ‘हॅवलॉकची बोट’ एवढंच सांगितलं तर तो त्याला वाटेल तिथं नेईल. खासगी बोटीला हॅवलॉकपर्यंत दीड ते दोन तास लागतात, सरकारीला अधिक. धक्क्यावरही ओळखपत्र बघतात, तेव्हा विमानातून उतरल्यावर ते बॅगेच्या तळाशी घालू नका.

ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी बोट, असं जुळवायचं झालंच तर मध्ये निदान चार तास ठेवा. मी स्वतः तर रात्रच मध्ये ठेवते.

सातवी पायरी: परतीचा दिवस

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही पोर्ट ब्लेअर शहरातच झोपलेले असले पाहिजेत. स्वराज द्वीपावर नव्हे, शहीद द्वीपावर नव्हे, बारातांग किंवा दिगलीपूरलाही नव्हे.

समुद्र खवळला की बोटी थांबतात आणि त्याबद्दल कोणाशी वाद घालता येत नाही. डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं त्यांना आणायला गेली. ऐन हंगामातली गोष्ट आहे ही. तेव्हा ज्यांची विमानं दोन दिवसांनी होती त्यांचं फारसं बिघडलं नाही.

आता बॅगांची तपासणी. परतताना सुरक्षा दलाचे जवान शंख-शिंपले आणि प्रवाळ खास बघतात. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. किनाऱ्यावर पडलेला मेलेला, पांढरा तुकडा असला तरी तो उचलायचा नाही. मुलं खिशात चार तुकडे घालतात, आजी देवघरासाठी एखादा शंख पिशवीत ठेवते, आणि यंत्रात ते लख्ख दिसतात. विमानतळावर पिशवी उपसावी लागते, आजीला अपराध्यासारखं वाटतं, रांग खोळंबते. त्यापेक्षा आदल्या रात्री हॉटेलवर सगळ्यांचे खिसे आणि चपलांच्या पिशव्या बघून घ्या. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवा. बिल मोठ्या बॅगेत गेलं तर त्याचा काही उपयोग नाही.

विमानतळावर दोन तास आधी पोहोचा. सकाळच्या वेळी बरीच विमानं पाठोपाठ निघतात, त्यामुळे इमारत मोठी झाली तरी तपासणीला रांग लागतेच.

विमान रद्द झालं तर

पहिल्यांदा काउंटरवर जा, मग फोन करा. उलट नको. सगळे जण एकाच वेळी फोन लावतात आणि तो लागत नाही. विमान कंपनीनं रद्द केलं असेल तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातला पर्याय तुम्ही निवडायचा. हवामान किंवा लष्करी कारण असेल तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, तेव्हा त्यावरून भांडण्यात शक्ती घालवू नका. पैसे परत घेण्याआधी दुसऱ्या कंपनीच्या विमानांत जागा आहे का ते बघा. ऐन हंगामात पुढचे दोन-तीन दिवस भरलेले असतात, आणि पैसे परत घेतलेत की पुढचं तिकीट त्या दिवशीच्या भावानं काढावं लागतं. चेन्नई नाही मिळत तर कोलकाता विचारा. बेटावरून निघून मुख्य भूमीवर पोहोचणं महत्त्वाचं, पुढं घरी जायला रेल्वे आहेच.

राहायची सोय लगेच करा, कारण तुमच्याबरोबर अडकलेले दीडशे जणही तीच शोधत असतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका एजंटनं ‘संध्याकाळपर्यंत विमान निघेल’ असं सांगत दिवसभर टर्मिनलवर बसवून ठेवलं, बरोबर सत्तरीचे आजोबा होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर खोल्या शोधायची वेळ आली. दुपारी दोननंतरही नक्की वेळ कळत नसेल, तर खोली धरा. विमान निघालंच तर एका रात्रीचं भाडं जाईल.

बदलीवर येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

बँक, शाळा, टपाल, केंद्र सरकारचं एखादं कार्यालय, अशा बदलीवर येणाऱ्या मराठी मंडळींना हा विमानतळ वर्षातून निदान दोनदा भेटणार. घरसामान जहाजानं येतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्याची भांडी, मुलांची पुस्तकं आणि मूळ कागदपत्रं विमानातच घ्या. स्थानिक रहिवाशांसाठी आयलँडर कार्ड असतं, जहाजाच्या आणि हेलिकॉप्टरच्या तिकिटात त्याचा फायदा होतो. आपल्याला ते केव्हा मिळू शकतं हे कार्यालयात पहिल्या आठवड्यातच विचारा. दिवाळीची तिकिटं गणपतीच्या आधी काढा.

बेटाबेटांमध्ये हेलिकॉप्टरही चालतं. त्याची जागा मिळेलच अशा भरवशावर काही ठरवू नका. सामान अगदी थोडं नेता येतं, आणि रुग्ण असेल तर तो आधी. हे मी फार जवळून पाहिलं. निकोबारकडच्या बेटांवर अवघड बाळंतपण, अपघात, हृदयविकाराचा झटका असं काही झालं की रुग्णाला पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात आणावं लागतं, आणि कित्येकदा ते काम नौदल, तटरक्षक दल किंवा वायुदलाची विमानं-हेलिकॉप्टरं करतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारच्या वायुदल तळावर शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्याच दिवसांत उरलेल्या धावपट्ट्यांवरून मदतही उतरत राहिली.

एकदा सुट्टीला निघाले असताना आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी वीस-पंचवीस मिनिटं थांबवून ठेवलं होतं. आत कुरकुर सुरू झाली. मग खिडकीतून एक हेलिकॉप्टर उतरताना दिसलं, रुग्णवाहिका त्याच्या दिशेनं गेली, स्ट्रेचर बाहेर आलं. त्याच्या शेजारून हातात सलाइनची बाटली उंच धरून एक पोरगेलासा जवान पळत होता. रुग्णवाहिका फाटकाबाहेर गेल्यावर मनोऱ्यानं आम्हाला उडायची परवानगी दिली. माझं चेन्नईचं पुढचं विमान मिळालं, मध्ये पाच तास ठेवले होते.